कुरणात उगवलेल्या काठ्या

मंगळवारी सकाळी फ्लिएरा गाव उठलं, खिडक्या उघडल्या, आणि खाली तळ्याकाठच्या कुरणात बघतं तर काय, काठ्याच काठ्या. चकचकीत, बारीक, अॅल्युमिनियमच्या, टोकाला नारिंगी रंग मारलेल्या, आणि त्याही दोनचार नाहीत, अख्खं कुरण भरून. दुकानवाली डोर्ता पाव मांडायचे सोडून दारात येऊन उभी राहिली आणि शाळेची बस नेहमीच्या थांब्याच्या पुढे जाऊन थांबली, कारण ड्रायव्हरही तिकडेच बघत होता.

आता काठ्या लागल्या यात तसं नवल काही नाही. आमच्याकडे काहीही बांधायचं म्हटलं, अगदी कोंबड्यांचं खुराडं मोठं करायचं म्हटलं, तरी आधी काठ्या. इमारतीच्या चारही कोपऱ्यांवर, जेवढी उंच इमारत तेवढी उंच काठी, आणि वर छपराचा उतार दाखवायला एक तिरकी पट्टी. मग शेजाऱ्यांनी त्या हवेतल्या घराकडे आठवडेच्या आठवडे बघायचं, डोकं खाजवायचं, आणि काय भांडायचं ते भांडून घ्यायचं. बांधून झाल्यावर भांडण्यात काय मजा आहे, तेव्हा पाडायला कोण येणार. तर रिवाज चांगलाच आहे. पण काठ्या लागतात त्या इमारतीला. तंबूला काठ्या आजवर कुणी लावल्या नव्हत्या.

अनिनाने लावल्या.

अनिना कादुफ. वय सव्वीस, शिक्षण झुरिकला, आणि गेल्या पानगळीपासून गावच्या पंचायतीचं बांधकाम खातं. म्हणजे खात्यात नोकरीला असं नाही, तीच खातं. ती, एक प्रिंटर, आणि बाहेरची कामं करणारा गिएरी. आल्या आल्या तिला पहिलं मोठं काम मिळालं ते तळ्याकाठच्या बागेतलं कॅम्पिंग वाढवायचं. ते कॅम्पिंग म्हणजे बागेच्या एका कोपऱ्यात दाटीवाटीने लावलेले तंबू आणि दोन संडास, त्यातल्या एकाची कडी लागत नाही, त्यामुळे आत बसलेल्याने गाणं म्हणत बसायचं असा तिथला नियम. उन्हाळ्यात शुक्रवारी दुपारीच सगळं भरतं. मग टपावर होड्या बांधून आलेल्या गाड्या फाटकाशी येतात, आत डोकावतात, गाणं ऐकतात आणि वळून पुढच्या गावाला जातात.

अनिनाने झकास प्लॅन केला होता. बागेला लागूनच पंचायतीचं लांबलचक कुरण आहे, त्यात तंबूंच्या आणि कॅरॅव्हॅनच्या नव्या जागा, आणि मधोमध गरम पाण्याचं नवं न्हाणीघर, लाकडी, बुटकं, छान. फक्त एक गोष्ट झाली. नियमात लिहिलं होतं की हंगामभर एका जागी उभं राहणारं जे काही असेल ते काठ्यांनी दाखवावं. अनिनाने ते वाचलं आणि तिच्या मनात आलं, कॅरॅव्हॅन हंगामभर उभी राहते की. मग म्हणाली, कॅरॅव्हॅनला लावायच्या आणि तंबूला नाही, हे बरोबर दिसत नाही.

"तंबूलाही?" गिएरीने विचारलं होतं.

"तंबूलाही."

"आणि कुत्रा आणला कुणी, तर त्याच्या घराला?"

आणि अनिनाने, खरं सांगते, क्षणभर त्यावर विचार केला.

तर त्या मंगळवारी ती ऑफिसात पोचते न पोचते तोच फोन वाजला. पंचायतीचे अध्यक्ष प्लासी. गावात सगळ्यांचं सगळ्यांशी अरेतुरेच, त्यामुळे अध्यक्षांशीही.

"अनिना, मी खिडकीत उभा आहे."

"बरं."

"मला समोर विमानतळ दिसतोय."

"ते कॅम्पिंग आहे, प्लासी."

"बायको म्हणतेय छावणी आहे. शेजारचा म्हणतोय द्राक्षाचा मळा. मला सांग, काढता येतील का आज दुपारपर्यंत?"

"नाही येणार. एकदा लावल्या की गावसभेत निकाल लागेपर्यंत हात लावायचा नाही. त्या नियमावर तुझीच सही आहे."

प्लासीने फोनमध्ये एवढा मोठा श्वास सोडला की अनिनाने कानापासून फोन लांब धरला. गावसभा तीन आठवड्यांनी होती. तोवर काठ्या उभ्या.

आणि मग काय विचारता. संध्याकाळची जेवणं झाली की गाव खाली. म्हाताऱ्यांनी काठ्यांना काठ्या टेकवून बघितल्या. पोरांनी त्यांच्यात धावायच्या शर्यती लावल्या. कुणी वाइन आणली, कुणी चीज आणलं, कुणीतरी दोन काठ्यांना झोपाळा बांधला तो गिएरीने सोडवला, दुसऱ्या दिवशी परत बांधलेला. ज्यांनी आयुष्यात कॅम्पिंगचा विचार केला नव्हता ते लोक तंबू क्रमांक अमुकच्या जागेत उभे राहून "इथे संध्याकाळचं ऊन चांगलं येतं हं" असं म्हणायला लागले. डोर्ता तर रोज ठणकावून सांगायची, "झालंच पाहिजे. नाहीतर माझ्या दुकानात सप्टेंबरपर्यंत फक्त मी आणि माझी माशी." अनिनाला वाटलं, लाजिरवाणं झालं खरं, पण चालतंय. कदाचित यामुळेच पास होईल.

मग मेंगिया आत्याची हरकत आली.

मेंगिया आत्या म्हणजे अनिनाच्या वडिलांची थोरली बहीण. एकटी राहते, घर कुरणाच्या अगदी वरच्या टोकाला, मागचं फाटक सरळ कुरणात उघडतं. मे महिन्यापासून पानं गळेपर्यंत रोज सकाळी ही बाई खांद्यावर टॉवेल टाकून, अनवाणी, त्या फाटकातून निघते, कुरणातून खाली सपाट खडकापर्यंत जाते, आणि आत उडी. तळ्याच्या मध्यावर तरंगणाऱ्या बोयाला हात लावून परत. अर्ध्या गावाला तिनेच पोहायला शिकवलंय, पोहण्याच्या कपड्याची मागची बाजू मुठीत धरून आणि कानात ओरडून. अनिनालाही. अनिना पाण्यात पहिल्यांदा स्वतःची स्वतः तरंगली तेव्हा तिला वाटत होतं आत्याने धरलंय, आणि आत्या खडकावर बसून सफरचंद खात होती.

आमच्या गावात हरकत घ्यायची तर लोक आठ-आठ पानं लिहितात, वर फोटो जोडतात, एकाने तर सावलीचा तक्ता जोडला होता. आत्याच्या कागदावर एक ओळ होती. "मला मान्य नाही." खाली सही. बस्स.

आता बघा काय पंचाईत. आत्याने शिकवलेले ते सगळे आता मतदार. ती समोर बसलेली असताना तिच्या विरोधात हात वर कोण करणार? लोक दुकानात अनिनाला भेटले की चीजच्या फडताळाकडे बघायला लागले. गिएरीसुद्धा म्हणाला, "मी तुझ्याच बाजूचा आहे, पण सभेत मी मागे बसणार. तिने मला पाण्यात ढकललं होतं, अजून आठवतंय."

प्लॅन पडला तर पडला, दुःख झालं असतं पण अनिना सावरली असती. खरी गोष्ट ती नव्हती. दर रविवारी ती आत्याकडे जेवायला जायची, चार्डच्या, म्हणजे पालकासारख्या भाजीच्या, पानात पिठाचे गोळे गुंडाळून उकडलेले कापुन्स, वर दूध आणि चीज, आणि आत्याच्या शेलक्या शिव्या. त्या रविवारी आत्याचा फोन आला. "या आठवड्यात नको येऊस." पुढच्या रविवारी फोनही नाही. अनिना घरी बसून पाव खात होती आणि तिला प्लॅनही हवा होता आणि आत्याही हवी होती, आणि दोन्ही एकदम कसं मिळणार हे तिला कुठल्याच नियमात सापडत नव्हतं.

शेवटी ती आत्याच्या फाटकाशी गेली. हातात नकाशा, नकाशावर नवी कुंपणं.

"आत्या, मी झुडपांची दाट रांग लावते तुझ्या बाजूला. आणि दहानंतर शांतता. रेडिओ बंद."

"आवाजाचं कोण बोललं?" आत्या म्हणाली. मान थोडी वळवून, तिरक्या नजरेने बघत. गेले कित्येक महिने ती अनिनाकडे अशीच बघत होती, आणि अनिना दर वेळी नजर चुकवायची.

"मग परके लोक नकोत म्हणून?"

"परके लोक मला आवडतात. त्रास ओळखीचेच देतात."

"मग सांग ना काय ते. मी बदलते प्लॅन."

"तू शिकलेली आहेस. शोधून काढ." आणि फाटक बंद.

अनिना नकाशा गुंडाळत परत आली. तिने न्हाणीघराचं छप्पर बुटकं करून बघितलं, रंग बदलून बघितला, कॅरॅव्हॅन मागे सरकवल्या. तिला वाटत होतं आत्याला काहीतरी दिसायला नकोय.

गावसभेला चार दिवस उरले असताना गिएरी ऑफिसात आला तो टोपी हातात घेऊन, म्हणजे बातमी मोठी होती.

"मेंगियाने काठीला टक्कर दिली."

"कसली टक्कर?"

"डोक्याने. न्हाणीघराच्या कोपऱ्यावरची. काठी वाकलीय. डोर्ताने खिडकीतून बघितलं. म्हणे ती टॉवेल टाकून सरळ आली, थांबली नाही, वळली नाही, धाडकन. मग काठीला काहीतरी बोलली आणि पोहायला गेली."

दुपारपर्यंत गावभर झालं. मेंगियाने काठीला डोकं मारलं, निषेध म्हणून. लोकांना ते फारच आवडलं. डोर्ता, जी स्वतः प्लॅनच्या बाजूची, तीही गिऱ्हाइकांना हाताने दाखवून सांगत होती, "अशी. सरळ. याला म्हणतात विरोध." संध्याकाळपर्यंत आणखी दोन हरकती आल्या, आणि एकाने खाली लिहिलं होतं की गरज पडली तर तोही डोकं द्यायला तयार आहे.

अनिनाला मात्र हसू येईना. आत्या हट्टी आहे, पण नाटकी नाही. तिने अक्रोडाचा केक घेतला आणि न विचारता आत्याच्या स्वयंपाकघरात जाऊन बसली.

कपाळावर टेंगूळ होतं, निळंजांभळं, अक्रोडाएवढं. आत्याने ते टेंगूळ आहे हेच मान्य केलं नाही. केक ठेवून घेतला, कॉफी केली, दोन कप काढले. आणि ओतताना तिने डाव्या हाताचं बोट कपाच्या आत, काठाला लावून धरलं. कॉफी वर आली, बोटाला लागली, आत्याने हात थांबवला. बोट चाटलं. दुसरा कप. परत बोट.

अनिनाने ते बघितलं, आणि मग एकेक गोष्ट तिच्या डोक्यात जागेवर बसायला लागली. मान वळवून बघणं. रविवारी वाढायला आता तिलाच सांगणं. नवा फोन मला नको, आकडे लहान आहेत, असं म्हणणं.

"आत्या, ती काठी तुला दिसली नाही."

"बारीक होती."

"टोकाला नारिंगी आहे."

"टोक वर असतं. मी काय आकाशाकडे बघत चालू?"

"आत्या."

आत्याने केकचा तुकडा तोडला, खाल्ला, बराच वेळ चावला.

"मधलं गेलंय," ती म्हणाली. "मागच्या पानगळीपासून. बाजूचं दिसतं सगळं. तू जरा त्या चुलीकडे सरक. हां. आता बघ, तुझ्या स्वेटरवर जामाचा डाग आहे, तो मला दिसतोय. समोर बसलीस की तुझ्या जागी नुसतं धुकं."

"म्हणजे तू माझ्याकडे तिरकं बघतेस ते रागाने नाही?"

"राग वेगळा. तो आहेच. पण बघते ते दिसावंस म्हणून."

अनिनाला रडू येणार होतं, पण आत्यासमोर रडणं म्हणजे फुकट ओरडा खाणं, म्हणून तिने घाईघाईने कॉफी प्यायली आणि जीभ भाजून घेतली.

"आणि पोहायला?"

"त्यात काय. फाटकातून निघायचं. डावीकडे ओढ्याची झाडं, उजवीकडे कुंपण, ती दोन्ही दिसतात, बाजूला आहेत ना. मधून सरळ चालायचं. बाकीचं पायांना ठाऊक आहे. काठ्या आल्यापासून हात पुढे धरून जात होते, त्या सकाळी तेवढं विसरले. खडक लागला की पाणी. पाण्यात तर काय, आपटायला काहीच नाही." आत्याने बोट टेबलावर आपटलं. "आणि तू बरोबर मधोमध न्हाणीघर आणून ठेवलंस. भोवती तंबू, त्यांच्या दोऱ्या, पोरांच्या सायकली. मी कशी जाणार?"

"अगं मग हे लिहायचं होतंस हरकतीत."

"आणि मग? ती सभेत मोठ्याने वाचतात. मेंगियाला नीट दिसत नाही, तिने एकटीने पोहावं का, यावर चर्चा. तुझा बाप पहिला उठेल. मग हात वर. मी या गावाला पाण्यात घातलं, आणि गाव मला काठावर बसवणार, पांघरूण देऊन." तिने केकचा आणखी एक तुकडा तोडला. "तुझं कॅम्पिंग मला हवंय गं. त्या संडासातली गाणी मला घरापर्यंत ऐकू येतात. बहुतेक सगळे बेसूर असतात."

अनिनाने पेन काढलं आणि केकच्या खोक्याच्या झाकणावर कुरण काढलं. वर फाटक, खाली खडक. मग दोघांच्या मधून एक सरळ पट्टा. न्हाणीघर उचलून रस्त्याकडे, ओढ्याच्या बाजूला. तंबू पट्ट्याच्या दोन्ही अंगांना. आणि पट्ट्याच्या दोन्ही कडांना बुटकी, दाट झुडपं, म्हणजे चालणाऱ्याला दोन्हीकडे हिरव्या भिंती. बाजूला.

तिने ते तोंडाने सांगितलं, कारण झाकण आत्याला दाखवण्यात अर्थ नव्हता. आत्या ऐकत राहिली.

"काही जागा जातील," आत्या म्हणाली.

"जाऊ देत. पण माझ्या दोन अटी आहेत. खाली शहरात, खूरला, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं. आणि एकटीने पोहायचं नाही."

"मग कुणाबरोबर? तुझ्याबरोबर? तू तर अंगठा बुडवायला अर्धा तास घेतेस."

"घेईन. तू तोवर थांबायचं."

"हा तोडगा आहे की धमकी?"

"बांधकाम खात्याची अट आहे."

आत्याने बराच वेळ मान वाकडी करून तिच्याकडे बघितलं, आणि या वेळी अनिनाने नजर चुकवली नाही. "एक अट माझी," आत्या म्हणाली. "कारण तू सांगायचं नाहीस. कुणालाही. टेंगूळ निषेधाचंच राहू दे, मला ते आवडलंय."

गावसभा शाळेच्या व्यायामशाळेत भरली, नेहमीसारखी. भिंतीवर चढायच्या शिड्या, वर बास्केटबॉलची रिंग, आणि रिंगीच्या बरोबर खाली अध्यक्ष प्लासी, त्यामुळे तो काही बोलला की आता वरून चेंडू पडणार असं वाटतं. आत्या पहिल्या बाकावर, टेंगूळ मिरवत. गिएरी खरंच सगळ्यात मागे.

अनिनाने बदललेला प्लॅन भिंतीवर लावला आणि बोलायला लागली. न्हाणीघर सरकवलं, जागा दोन्ही अंगांना, संडासाला कड्या, आणि कड्या म्हटल्यावर टाळ्या पडल्या. तिने काठ्यांबद्दल माफी मागितली, त्यावर हशा झाला, कुणीतरी म्हणालं राहू देत, पोरांना आवडल्यात. सगळं लोण्यासारखं चाललं होतं. मग डोर्ताने हात वर केला.

"बाकी छान आहे गं अनिना. पण मधे हा एवढा पट्टा रिकामा कशाला? तिथे चारपाच कॅरॅव्हॅन बसतील आरामात. चारपाच कॅरॅव्हॅन म्हणजे सकाळी किती पाव, विचार कर."

"तिथून लोक पोहायला जातात," अनिना म्हणाली.

"जातील की वळसा घालून," प्लासी म्हणाला. "मी घालीन वळसा. माझ्या पोटाला बरंच आहे ते."

हशा. मान्यतेच्या माना डोलल्या. बघता बघता सगळ्या व्यायामशाळेलाच तो पट्टा खटकायला लागला. कुणी म्हणालं, वाट हवी तर कडेने काढा. कुणी म्हणालं, सरळच कशाला, जरा नागमोडी केली तर दिसायलाही छान. प्लासीने विचारलं, "अनिना, काही खास कारण आहे का? असेल तर सांग, नाहीतर आपण पट्टा काढून मत घेऊ."

कारण तिच्या जिभेच्या टोकावर होतं. एक वाक्य बोलली असती तर गावाने पट्टा काय, दोन पट्टे दिले असते, आणि उद्यापासून आत्याला तळ्याच्या आसपास फिरकू दिलं नसतं. तिने पहिल्या बाकाकडे बघितलं. आत्या भिंतीकडे तोंड करून बसली होती, म्हणजे आत्या तिच्याकडेच बघत होती.

"कारण आहे," अनिना म्हणाली. "पण मी सांगू शकत नाही. पट्टा काढायचा असेल तर मी अख्खा प्लॅन मागे घेते."

प्लासीचं तोंड उघडं राहिलं. बांधकाम खात्याने स्वतःचाच प्लॅन मागे घ्यायचा, हे कसं लिहायचं याचा तो विचार करत असावा.

तेव्हा बाकाचा आवाज झाला आणि मेंगिया आत्या उभी राहिली.

"बस खाली, पोरी," ती म्हणाली. "गप्प राहायला शिकलीस, पुष्कळ झालं. मी सांगते. पट्टा माझ्यासाठी आहे. मला समोरचं दिसत नाही. काठीला मी टक्कर दिली नाही, काठीने मला दिली. डोर्ता, तू सांगितलेली गोष्ट जास्त चांगली होती, ती तशीच सांगत राहा. पट्टा सरळ असला आणि दोन्हीकडे झुडपं असली की मी खडकापर्यंत जाते. नागमोडी केलात तर मी कुणाच्या तरी तंबूत जाईन, आणि आत कोण काय करतंय ते मला दिसणार नाही, पण त्यांना ते कसं समजणार?"

कुणीतरी मागे फिसकन हसलं. अनिनाचा बाप उठायला लागला होता. आत्याने हात वर केला, जशी ती पाण्यात पोरांना थांबवायची तसा.

"आणि तू उठू नकोस. एकटीने पोहू नकोस म्हणणार ना? नाही पोहत. आजपासून बांधकाम खातं माझ्याबरोबर पोहणार आहे, रोज सकाळी. तशी अटच आहे. आता घ्या मत, मला घरी जायचंय, कापुन्स लावलेत."

प्लासीने घसा साफ केला, टाय ओढला, आणि मत घेतलं. हात वर गेले. अनिनाने मोजलेच नाहीत, मोजण्यासारखं काही राहिलंच नव्हतं, नुसते हातच हात होते, पोहायला शिकलेले सगळे.

बाहेर पडल्यावर आत्याने तिला दंडाला धरलं. "डावीकडचे उजवीकडचे मला दिसले, सगळे वर होते. मधल्यांचं काय?"

"मधलेही वर. एक सोडून."

"कोण तो?"

"गिएरी."

"गिएरी? पाण्यात ढकललं म्हणून?"

"नाही गं. प्लॅन बदलला ना. आता त्याला सगळ्या काठ्या काढून नव्या जागी परत लावायच्यात."

आत्या रस्त्यात थांबून हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आणि त्या आठवड्यात गिएरीने खरंच सगळ्या काढल्या, पुटपुटत, आणि नव्या न्हाणीघराच्या तेवढ्या लावल्या. तंबूंना नाही. त्याने विचारलंच नाही, आणि अनिनाने सांगितलं नाही.

पहिल्या सकाळी अनिना टॉवेल आणि दोन स्वेटर घेऊन फाटकाशी हजर झाली. दव पडलं होतं, तळ्यावर पांढरी वाफ, आणि थंडी अशी की नुसतं पाण्याकडे बघून दात वाजावेत. आत्या अनवाणी बाहेर आली. अनिना काळजीने तिच्या पुढे झाली, वाटेत काही पडलंबिडलंय का बघायला.

"पुढे कशाला जातेस?" आत्या म्हणाली. "पुढे गेलीस की नाहीशी होतेस. बाजूने चाल, म्हणजे दिसशील."

मग अनिना बाजूने चालली, ओल्या गवतातून, खडकापर्यंत. आत्याने टॉवेल टाकला आणि गेली आत. आणि बांधकाम खातं खडकाच्या कडेला बसलं, अंगठा बुडवत.